वद्हाच्या जैतुनावरचा पाहुणा

कलम १

ज्याला घालवता येत नाही त्याला मान द्यावा, हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं लक्षण आहे. दुसरं लक्षण असं, की तो मान आपण मर्जीने देत आहोत असा चेहरा ठेवावा. अजलूनच्या डोंगरातलं खिर्बत सुवान हे गाव या दोन्ही बाबतींत आसपासच्या गावांच्या कितीतरी पुढे आहे. (मागे पडलेल्या गावांची नावं इथे देत नाही. त्या गावांत सोयरिकी आहेत.)

या गावात मुफ्लिह नावाचा गृहस्थ राहत असे. मिशीने भारदस्त, बोलण्यात पुढे आणि कामात विचारी. विचारी म्हणजे असा, की कोणतंही काम हातात घेण्यापूर्वी तो त्याचा सर्व बाजूंनी विचार करी, आणि तोवर त्याची बायको वद्हा ते काम एकाच बाजूने करून मोकळी होई.

मुफ्लिहच्या जमिनीवर जैतुनाचं एक म्हातारं झाड होतं. जमीन त्याची, झाड मात्र वद्हाचं. लग्न ठरताना तिच्या बापाने मेहेर, म्हणजे नवरीला द्यायचं धन, म्हणून तेच झाड मागितलं होतं आणि मुफ्लिहच्या बापाने कुरकुरत दिलं होतं. त्या डोंगरात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असण्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. खोड दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं, आणि घरातलं वर्षभराचं तेल त्या एकाच झाडाचं. तेल संपलेलं घर हे घर नसतं, त्याला चार भिंती म्हणतात, असं वद्हाचं म्हणणं.

एका हिवाळ्यात बुलबुलाने कुठूनतरी एक चिकट बी आणलं, वरच्या फांदीला चोच पुसली, आणि झाडावर बांडगूळ रुजलं.

“अबू नायिफ,” वद्हा म्हणाली, “ते वरचं काढून टाक. अजून नखाने निघेल.” (नायिफ हा थोरला मुलगा; अबू म्हणजे बाप, उम्म म्हणजे आई. त्या मुलखात माणसाला मुलाच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे बापाने स्वतः नाव कमावण्याची निकड राहत नाही.)

“काढतो,” मुफ्लिह म्हणाला, आणि विचार करू लागला.

विचार चालू असताना नखाचं काम कात्रीवर गेलं आणि कात्रीचं करवतीवर. बांडगूळ मेंढीएवढं झालं. फांदीत मुळं खुपसून ते झाडाचं पाणी झाडाच्या आधी पिऊ लागलं. खालची फळं बारीक झाली, पानं राखेसारखी दिसू लागली.

खरी गोष्ट अशी, की मुफ्लिहला उंचीचं भय होतं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याच्या पोटात कोणीतरी बादली उपडी करी. हे जगात फक्त वद्हाला ठाऊक होतं. ती स्वतः चढली असती, पण तिचा गुडघा वळत नव्हता. पोरं शहरात नोकरीला. गड्याला चढवावं, तर घरात मिशीवाला धडधाकट माणूस असताना गडी का, असा प्रश्न आलाच असता. तेव्हा एका बाजूला झाड होतं आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याची अब्रू. दोन्ही तिचीच, आणि दोन्ही वाळत चाललेली.

घटना (कलम १ ला जोडून वाचावी)

दुकानाच्या पायरीवर संध्याकाळी गावातले पुरुष बसतात. तिथे मुफ्लिहचा सख्खा चुलतभाऊ आणि त्यामुळेच सर्वांत जवळचा शत्रू, दियाब, बसला होता.

“काय रे चुलतभावा,” तो म्हणाला, “तुझ्या झाडाला दिवस गेलेत का? डोक्यावर केवढं पोट आलंय!”

पायरी हसली.

“लाल फळंसुद्धा धरलीत. बारशाला बोलाव. कापत का नाहीस रे? शिडी हवी तर माझी ने. की शिडीशी अबोला आहे?”

पायरी अजून हसली. दुकानदाराने वजन करता करता तराजू थांबवला. मुफ्लिहच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता काहीतरी मोठं बोललं नाही तर लोक लहान गोष्टीपर्यंत पोचतील, हे त्याला कळलं.

“कापू?” तो उभा राहिला. “माझ्या दारात आसऱ्याला आला त्याला कापू? तुझ्या घरी तशी पद्धत असेल, दियाब. तो माझा दखील आहे!” आणि हे म्हणताना त्याचा हात सवयीने मिशीला गेला.

पायरीचं हसू जागच्या जागी विझलं.

इतर गावांत हा विनोद ठरला असता. खिर्बत सुवानात मिशीला हात लावून, साक्षीदारांसमोर बोललेला शब्द विनोद ठरत नाही. तो वटहुकूम ठरतो.

कलम २ : दखील म्हणजे कोण

जो जिवाच्या भयाने तुमच्या तंबूत शिरला आणि तुमच्या खांबाला ज्याने हात लावला, तो दखील. त्याने बाहेर काय केलं हे विचारायचं नाही. त्याला हात लावणारा तुम्हाला हात लावतो. आता तंबू कोणाकडे उरले नाहीत, पण खांबाची जागा विजेच्या मीटरने घेतली आहे आणि काम अडत नाही.

दखील माणूसच असावा असं रूढीत कुठेही म्हटलेलं नाही. (बांडगूळ नसावं असंही नाही. रूढी घालणाऱ्यांना ते सुचलं नव्हतं. आणि जे सुचलं नाही त्याला मनाई नसते, हा सर्व कायद्यांचा पाया आहे.) शिवाय दाखला होता. मागे एकदा रश्श्यासाठी पकडलेला कोंबडा सुटून शेख हायिल यांच्या मांडीत शिरला होता. शेख म्हणजे गावचे न्यायाधीश. त्यांनी त्याला अभय दिलं. कोंबडा पुढे म्हातारा होऊन, बांग द्यायची वेळ विसरून, मानाने मेला. गाव बरीच वर्षं दुपारी उठत असे.

कलम ३ : पाहुण्याचं म्हणणं

पाहुणा काही म्हणाला नाही.

कलम ४ : प्रगती

अभय मिळाल्यापासून पाहुण्याची प्रकृती सुधारली. गावाने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे. दखील वर्षभर हिरवा राहतो (यजमान झाड आता राहत नाही). आवाज करत नाही. उसनं मागत नाही. गावातल्या बायकांकडे बघत नाही. राजकारणावर त्याचं मत नाही. गावातल्या निम्म्याहून अधिक जावयांना यातली एकही गोष्ट लागू पडत नाही, असं सासऱ्यांच्या पाहणीत आढळलं. जावयांनी पाहणीत भाग घेतला नाही.

मुफ्लिहचीही प्रगती झाली. लांबून लांबून लोक त्याच्या दाराशी येत, वर बघत आणि म्हणत, “शाब्बास. शब्द असावा तर असा.” मुफ्लिहही वर बघे, पण चक्कर येईपर्यंत नाही.

“शब्द चांगला वाढलाय,” वद्हा तेलाचा बुधला तिरका करून शेवटचा थेंब वाटीत पाडत म्हणाली. “थोडा भाकरीला लावून देऊ?”

कलम ७ (५ व ६ वर शेख हायिल यांचा विचार चालू आहे)

बांडगुळाला पोरं होतात. ती पायाने जात नाहीत, बुलबुलाच्या पोटातून जातात. मुफ्लिहच्या कुंपणाला लागून दियाबचं बदामाचं झाड होतं. पुढच्या वर्षी त्या बदामाच्या फांदीवर दोन हिरवे कान उगवले. दियाबने एका हातात चहाचा पेला धरून दुसऱ्या हाताने, खिशातल्या चाकूने, ते कापले. पेला हिंदकळलासुद्धा नाही.

दुकानदाराने हे पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावाने पाहिलं.

“अबू नायिफ, ऐकलंस?” दुकानदार हळहळून म्हणाला. “तुझ्या दखीलच्या लेकराला मारलं. कोवळं होतं रे.”

खरं सांगायचं तर मुफ्लिहला हायसं वाटलं. या गावात कोणीतरी कुठलं तरी बांडगूळ कापलं, ही गोष्ट त्याला आशेची वाटली. त्याच्या मनात आलं, जाऊन दियाबचा हात हातात घ्यावा आणि त्याला कुंपण ओलांडून इकडे आणावं. पण गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं, आणि गाव बघत असताना माणसाला स्वतःसारखं वागता येत नाही.

तो कुंपणाशी गेला आणि गरजला, “दियाब! तू माझ्या आश्रयाखालच्याचं रक्त सांडलंस!”

“अरे, कोंब होता तो!” दियाब ओरडला.

“वंश होता!”

“माझ्या झाडावर होता!”

“परदेशी शिकायला गेलेलं पोर मारतात का?”

दियाबच्या हातात पेला होताच. तो चहा प्यायला. मग हळूच म्हणाला, “चुलतभावा, डोकं ठिकाणावर आहे ना? त्या झाडाकडे बघ एकदा. वहिनी काय खाणार?”

हा प्रश्न नेमका होता, आणि म्हणून मुफ्लिहला त्याचा फार राग आला.

रूढीप्रमाणे खून करणाऱ्याच्या कुटुंबाला मृताच्या नातलगांच्या नजरेआड राहायला जावं लागतं; नाहीतर समोरासमोर आल्यावर रक्त उसळतं. त्यानुसार दियाबचं कुटुंब पुढच्या ओसरीवरून मागच्या ओसरीवर स्थलांतरित झालं. गाद्या, उशा, रेडिओ आणि सासू यांच्यासह. जाताना त्याच्या बायकोने उंबरठ्याकडे वळून पाहिलं आणि डोळे टिपले. मागच्या ओसरीवर दुपारी सावली असते, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

कॉफी

(हा भाग अपुरा आहे, कारण ती कोणी प्यायलंच नाही.)

समेटासाठी वडीलधाऱ्यांचं शिष्टमंडळ मुफ्लिहच्या घरी आलं. पुढे शेख हायिल, मागे पिकअप गाड्यांतून त्यांच्या मताचे लोक. रीत अशी, की यजमान कॉफी ओततो, पाहुण्यांचा प्रमुख पेला समोर ठेवतो आणि मागणं मान्य झाल्याशिवाय ओठाला लावत नाही. कॉफी गार होऊ देणं ही यजमानाची नाचक्की. म्हणून आजवर गावातले सगळे तंटे कॉफी गरम असतानाच मिटलेले आहेत, आणि कॉफी उकळती वाढण्याची पद्धतही तेव्हापासूनच पडली आहे.

शेखनी पेला ठेवला. “मुफ्लिह, आम्ही दियाबसाठी मागायला आलो आहोत.”

मुफ्लिह ‘दिलं’ म्हणायला उतावीळ झाला होता. पण लगेच म्हटलं तर शब्द स्वस्त होतो. म्हणून तो डोळे मिटून गंभीर झाला. जरा जास्तच वेळ झाला.

बायकांनी अशा बैठकीत बोलायचं नसतं. पण कॉफी गार का झाली, हे विचारण्याचा हक्क जिने ती केली तिला असतो. वद्हा दारात आली.

“शेख, कॉफीत काही चुकलं का?”

“नाही मुली. आधी मागणं मान्य व्हायला हवं.”

“तेवढ्यात माझंही एक घ्या. नाहीतरी ती गार झालीच आहे. तुमच्यासमोर लग्न ठरलं माझं. झाड कुणाचं?”

“तुझं,” शेख म्हणाले. “मी साक्षीला होतो. तुझा सासरा देताना असा चेहरा करून बसला होता, की जसं काही दाढच उपटतायत त्याची.”

“मग दुसऱ्याच्या तंबूत शिरलेल्याला अभय देणारा हा कोण?”

बैठकीत इतकी शांतता पसरली, की वर झाडावर बांडगूळ पाणी पितं आहे ते ऐकू आलं असं पुढे काही लोक सांगत.

शेख हायिल यांनी डोळे मिटले. (ते झोपत नाहीत, न्याय करतात, दोन्हींत घोरणं येतं.) मग निकाल दिला. मुफ्लिहचा शब्द खरा आहे आणि तो मोडता येणार नाही. झाड वद्हाचं आहे, हेही खरं आहे. सबब, दखीलला वद्हाच्या घरातून उठवून मुफ्लिहच्या स्वतःच्या घरात, बैठकीच्या खोलीत, मानाच्या गादीवर आणून बसवावं. मान राखून. फांदीसकट. आणि पाहुण्याला हात धरून आणण्याचा मान परक्याला देता येत नाही, तो यजमानाचाच. यजमानाने आपल्या पायांनी वर जावं.

“शिडी मी देतो,” समोर येण्याची बंदी विसरून खिडकीतून दियाब म्हणाला. त्याच्या आवाजात सख्ख्या भावालाही लाजवील असं प्रेम होतं.

कलम ११ : चढणे

शुक्रवारच्या नमाजानंतर सगळं गाव झाडाखाली जमलं. लोकांनी खुर्च्या आणल्या. सूर्यफुलाच्या बिया सोलल्या जाऊ लागल्या. फळतोडणी जवळ आली होती. जैतुनाला फळं होती खरी, पण मिऱ्याएवढी.

वद्हा शिडी धरून उभी राहिली. “खाली बघू नकोस,” ती हळूच म्हणाली. “बुधल्यात तेल आहे असं समज. तेवढ्याकडे बघ.”

मुफ्लिह चढला. पहिली पायरी चढला, दुसरी चढला. तिसरीवर पोटात बादली उपडी झाली, तरी चढला. माणसात एवढं धैर्य कुठून येतं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या बाबतीत ते खालच्या खुर्च्यांतून आलं. तो शिडी सोडून फांद्यांच्या बेचक्यात पोचला. बांडगूळ त्याच्या नाकासमोर होतं, टवटवीत, ओळख असल्यासारखं. आणि तेवढ्यात कोणीतरी खालून “वाहवा!” म्हटलं, आणि मुफ्लिहने खाली पाहिलं.

त्याने फांदीला दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी आणि हनुवटीने मिठी मारली.

“मुफ्लिह,” शेख म्हणाले, “पाहुण्याला घे आणि ये.”

“विचार करतोय,” वरून उत्तर आलं.

बराच वेळ गेला. बिया संपल्या.

“उतर की रे!” दियाब कुंपणाआडून ओरडला. “की तुलाही मुळं फुटली?”

आता गोष्ट अब्रूच्या टोकाला आली. उतरता येत नाही म्हणावं, तर सगळं उघडं पडतं. उतरावं, तर पोटातली बादली आहेच. अशा वेळी भित्र्या माणसाला जे सुचतं ते शूराला कधी सुचलेलं नाही.

“उम्म नायिफ!” मुफ्लिहने आरोळी ठोकली. “मी तुझ्या तंबूत आहे! तुझ्या खांबाला माझा हात आहे! मी तुझा दखील!”

खिर्बत सुवानाच्या ज्ञात इतिहासात बायकोकडे आश्रय मागणारा हा पहिला नवरा. (आश्रय घेतलेला सगळ्यांनीच होता. मागितला कोणी नव्हता.)

शेखनी वद्हाकडे पाहिलं. गावाने वद्हाकडे पाहिलं. आता नाही म्हणणं म्हणजे आसऱ्याला आलेल्याला हाकलणं. तिने कपाळाला हात लावला, मग तोच हात छातीवर ठेवला.

“मिळाला,” ती म्हणाली. “जेवायला काय पाठवू?”

कलम ११ (अ) : दोन पाहुण्यांची तुलना

दोरीला टोपली बांधण्यात आली. सकाळी भाकरी, लबने (तिकडचा चक्का) आणि जैतून, दुपारी मसूरभात, संध्याकाळी थर्मासमधून चहा. रात्रीसाठी पांघरूण आणि फांदीला बांधून घ्यायला दोर. (नैसर्गिक विधींबाबत गावाने समंजस मौन पाळलं.) पहिला पाहुणा झाडाचं पाणी पीत होता, दुसरा वद्हाच्या विहिरीचं. पहिला फांदीला चिकटून होता, दुसराही. पहिला बोलत नव्हता. दुसरा बोलत होता.

मुफ्लिहला वर बरं वाटू लागलं. खाली बघितलं नाही तर उंची ही कल्पनाच आहे, असं त्याचं मत झालं. तो वरून गावाला सल्ले देऊ लागला. कोणाची गच्ची गळते, कोणाची शेळी कुठे गेली, कोणी भिंत वाकडी बांधतो आहे. लोक खाली उभे राहून ऐकत आणि म्हणत, माणूस वर गेला की त्याची दृष्टी व्यापक होते.

वद्हा झाडाखाली उभी राहून बघत असे. जैतुनावर आता दोन हिरव्या-काळ्या गाठी दिसत. एकीला मिशी होती. पानं रोज गळत होती.

“आता येतोस का?” ती विचारी.

“आज वारा आहे,” वरून उत्तर येई.

त्या मुलखात एक म्हण आहे. पाहुण्याला पाहुणा आवडत नाही, आणि घरधन्याला दोघेही. म्हणीचा उत्तरार्ध वद्हा जगत होतीच. लवकरच पूर्वार्ध वर सुरू झाला.

त्या झाडावर वाऱ्याआड अशी एकच जागा होती, आणि ती बांडगुळाने धरली होती. मुफ्लिह रात्री कुडकुडे. बांडगुळाची फळं पिकून फुटत आणि मिशीला चिकटत. मिशी फांदीला चिकटे. बुलबुल येत, फळं खात आणि त्याच्या डोक्याच्या रुमालाला चोच पुसून जात. एके सकाळी तर त्याने कानामागे काही रुजलंय का ते चाचपून पाहिलं.

“उम्म नायिफ! हा सरकत नाही!”

“तो आधी आलाय,” वद्हा खालून म्हणाली.

“माझी जागा खातोय!”

“तो झाड खातोय. जागा तू खातोयस.”

“पण तो काही करत नाही! नुसता बसून असतो! आयतं पितो, फुगतो, आणि सगळे त्याला सांभाळून घेतात!”

 खाली वद्हाने एक मसूर निवडला, मग दुसरा.

तिसऱ्या प्रहरी वारा सुटला. बांडगूळ डोलू लागलं आणि डोलता डोलता त्याने मुफ्लिहच्या तोंडावर एक सणसणीत चपराक दिली. मुफ्लिहचा तोल गेला. त्याने घाबरून जे हाताला आलं ते धरलं. हाताला बांडगूळच आलं. मग त्याच्या आत इतके दिवस साठलेलं सगळं, पायरीवरचं हसणं, शेखची कॉफी, दियाबची शिडी, एकदम वर आलं.

“करवत!” तो ओरडला. “करवत पाठव!”

“टोपलीत बघ,” वद्हा म्हणाली. “भाकरीखाली.”

करवत तिथे परवापासून रोज जा-ये करत होती. पाहुण्याला कधी काय लागेल सांगता येत नाही, असं वद्हाचं म्हणणं.

मुफ्लिह शिव्या देत होता, रडत होता आणि करवत चालवत होता. मुळं खोल गेली होती, तिथवरची फांदी त्याने कापली. गाव धावत येईपर्यंत मेंढीएवढा तो हिरवा गोळा खाली येऊन आदळला आणि दोनदा उसळून शेख हायिल यांच्या पायाशी थांबला.

शेखनी डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मग निकाल दिला. यजमानाने पाहुण्याला मारलं असतं तर डाग होता. परक्याने मारलं असतं तर वैर होतं. पण एका पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्याला मारल्यास काय करावं याचं कलम पूर्वजांनी ठेवलेलं नाही. पूर्वजांकडे एका वेळी दोन पाहुणे टिकत नसावेत. घरधनी निर्दोष. प्रकरण बंद. मेलेल्या कोंबांच्या मागे आता नातलग उरला नसल्याने दियाबही मोकळा. (दियाबने मागच्या ओसरीवरच राहण्याची परवानगी मागितली. सावलीमुळे.)

झाड सुटलं. पण मुफ्लिह वरच होता. आता तर वाऱ्याआडची जागाही त्याची झाली होती.

शेवटचं कलम : तोडणी

पंधरवड्याने तोडणीचा हंगाम लागला. उरलेल्या फळांत आता थोडा रस भरत होता. वद्हाने झाडाखाली ताडपत्री अंथरली, दोर ओढून टोपली खाली घेतली आणि वर पाठवली.

मुफ्लिहने टोपलीत हात घातला. भाकरी नव्हती. जैतून ओरबाडायचा प्लास्टिकचा पिवळा हातकंगवा होता.

“हे काय?”

“करमत नसेल म्हणून.”

“आणि भाकरी?”

“टोपली जशी खाली येते तशी वर जाते,” वद्हा म्हणाली. “भरून आली तर भरून. आश्रय आहेच. तो मी मोडणार नाही.”

मुफ्लिहने खाली शेखना हाक मारली. शेख म्हणाले, पाहुण्याला हाकलू नये असा नियम आहे; त्याच्या हातात कंगवा देऊ नये असा नाही. मुफ्लिह विचार करू लागला. सर्व बाजूंनी केला. दुपार झाली. खालून कांदा परतल्याचा वास आला, आणि विचार एकाच बाजूला कलला.

त्याने शेंड्याकडचा पहिला झुबका विंचरला. फळं टपटप ताडपत्रीवर पडली. या झाडाच्या शेंड्याला आजवर कोणाचा हात पोचला नव्हता. तिथली फळं दरवर्षी पक्ष्यांची असत. टोपली भरली, खाली गेली. भाकरी वर आली, वर तळलेला कांदा. मग त्याने त्याखालचा झुबका घेतला. मग त्याखालचा. एका डहाळीवर हात संपला, की पाय आपोआप खालच्या डहाळीवर सरके, कारण फळं तिथे होती. तो कोणाला सल्ला देत नव्हता. त्याच्या लक्षात फक्त पुढचा झुबका होता. संध्याकाळच्या सुमाराला त्याने एका फांदीसाठी पाय खाली टाकला, आणि पायाला काहीतरी सपाट लागलं.

ती जमीन होती.

त्याने आजूबाजूला पाहिलं. खुर्च्या नव्हत्या, वाहवा नव्हती. सगळं गाव आपापल्या झाडांत होतं. वद्हाने मान वर न करता ताडपत्रीचं दुसरं टोक त्याच्याकडे सरकवलं.

“धर,” ती म्हणाली. “जड आहे.”

त्याने धरलं.

परिशिष्ट (वाचकांसाठी)

इतका वेळ आपण मुफ्लिहला हसलात, त्यात गैर काही नाही. रूढीने बघणाऱ्याला तेवढी सूट दिलेली आहे. हसता हसता आपल्या शेजारचा चहाचा कप रिकामा झाला असेल. तो कोणी करून आणून ठेवला हे आठवल्यास उत्तम. न आठवल्यास काळजी करू नये, बहुतेकांना आठवत नाही. तो उचलून आत नेऊन ठेवावा असा विचार या क्षणी आपल्या मनात आला असेल, तर त्याचा सर्व बाजूंनी विचार करावा.

घाई नाही. कोणीतरी नेईलच.